साहेबाच्या बाटलीतला धूर

माझं नाक आणि माझा राग, दोन्ही मला आईकडून मिळाले. रागानं जन्मभर गोत्यात आणलं, त्याचं मला काही नवल नाही. पण नाकानं एकदाच घात केला, आणि त्या एका वेळेस माझ्या नवऱ्याची नोकरी अन् आमच्या डोक्यावरचं छप्पर एका बाटलीवर येऊन ठेपलं होतं.

आमचा तांडा केळापूरपासून दोन कोसांवर. तांड्यात आईला याडी म्हणतात. माझी याडी मोहाची दारू काढायची. आता लगेच नाक मुरडू नका बाप्पा! त्या काळी देवाला, पितरांना, लग्नाला, मयताला, सगळ्याला ती लागायची, आणि तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या घरचं कार्य असलं की याडीच्याच हातची पाहिजे असायची. चैतात वेचलेली मोहाची फुलं वाळवून ठेवायची, लागतील तशी भिजत घालायची, आठ-दहा दिवसांत आंबली की हंडी चुलीवर. हंडीच्या तोंडाला बांबूची नळी, नळी दुसऱ्या मडक्यात, ते मडकं गार पाण्यात. आणि जाळ मंद. याडी जाळापुढून उठायची नाही.

"जाळ मोठा केला का गाळ बुडाले लागते," ती म्हणायची. "अन् एकदा लागली का देव खाली आला तरी वास जात नाई."

दूध लागतं तशी दारूही लागते. मग सगळीला धुरकट, करपट वास मारतो. तशी दारू याडी कुणाला द्यायची नाही. नायकाच्या पोरीचं लग्न उद्यावर आलं होतं, तेव्हा तिनं अख्खं मडकं उकिरड्यावर ओतलं आणि नायकाला तोंडावर सांगितलं, "लागली. नाई देत." नायक थयथयाट करून गेला. ती पुन्हा फुलं भिजवायला बसली. लागलेली दारू पाहुण्याला देणं म्हणजे तिच्या लेखी नासकं वाढणं.

ती स्वतः थेंब प्यायची नाही. तळहातावर चार थेंब घ्यायचे, दुसऱ्या तळव्यानं चोळायचे आणि ओंजळ नाकाशी धरायची. ओल उडाली की मागं राहतो तो वास खरा. मलाही तिनं तसंच शिकवलं. न्हातीधुती होईस्तोवर मी नुसत्या वासावर कुणाच्या घरची, पहिल्या धारेची का दुसऱ्या, ते सांगत होते.

माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं हुंडा-मानपान काही काढलं नाही, एकच अट घातली. "पाजणाऱ्याच्या घरी पिणारा जावई नोको." माझा होणारा नवरा बाजारच्या दिवशी थोडी घ्यायचा. त्यानं नायकासमोर देवीच्या पायाला हात लावून सांगितलं, आजपासून थेंब नाही. त्या बाटलीच्या वेळी त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत मी त्याला कधी प्यालेला पाहिला नव्हता. पण पिणाऱ्याची सोडलेली दारू म्हणजे उतरलेला ताप, कधी उलटेल सांगता येत नाही, असं मनात कुठंतरी असायचंच. माझ्या मनात तरी होतं.

माझा नवरा पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या एका सरकारी डाकबंगल्यात चौकीदार होता. चौकीदार तोच, खानसामा तोच, पाणक्याही तोच. बंगल्यामागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला. पण कामावर कायम नव्हता. वरच्या साहेबाची मर्जी फिरली की दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड रस्त्यावर. आमची मोठी पोरगी तेव्हा अडीच वर्षांची, आणि मला पुन्हा दिवस गेलेले.

महाराष्ट्र होऊन एक हिवाळा गेला होता, दुसरा लागला होता. त्या हिवाळ्यात एक साहेब मुक्कामाला आले. जमिनीखालचे दगड तपासायचं त्यांचं काम. पुण्याकडचे, विलायतेत शिकून आलेले, बोलायला गोड आणि नियमाला कडक. आधीच्या मुक्कामी एका खानसाम्यानं साखर चोरली म्हणून त्याला उभ्या उभ्या घालवलं, हे त्यांच्या ड्रायव्हरनंच आम्हाला सांगितलं. पण माझ्या नवऱ्याच्या हातचं त्यांना आवडलं. एक दिवस म्हणाले, "जाताना तुझ्यासाठी वर चिठ्ठी लिहून देतो. तू कायम झाला पाहिजेस." त्या दिवशी आम्ही घरात गूळ वाटला.

त्याच साहेबांकडं ती बाटली होती. दारूबंदी होती, आमच्या तांड्यावर पोलीस येऊन हंड्या फोडून जायचे. पण साहेबांकडं सरकारी शिक्क्याचं परमिट होतं. मोठ्याला परमिट अन् गरिबाला दंडुका, दुसरं काय! बाटली त्यांनी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या नवऱ्याला दिली.

"रविवारी माझे गुरुजी येणार आहेत," ते म्हणाले. "गोरे आहेत, म्हातारे आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ही त्यांच्या गावची दारू. किती खटपटीनं मागवली ते माझं मला माहीत. त्यांना न सांगता समोर ठेवायची आहे. मी चवीपुरती उघडली, आता हिला कोणाचा हात लागता कामा नये. तुझ्यावर सोपवतो."

एवढं सांगून साहेब चार दिवसांसाठी मुकुटबनकडं दगड बघायला गेले.

बुधवारी मी बंगला झाडायला घेतला. नवरा पांढरकवड्याला बाजारात गेला होता, किल्ली आमच्या खोलीत खिळ्याला होती. पाहुणा येणार म्हणून कपाटही पुसून घ्यावं म्हटलं. कपाट उघडलं मात्र, आणि आतून वास आला. धुराचा. मी फळ्या पाहिल्या, कागद पाहिले. वास बाटलीतून येत होता. बूच काढलं आणि नाक जवळ नेलं.

काय वास होता तो! ओल्या गोवऱ्या धुमसतात तसा धूर, त्यात डांबर, आणि त्यावर दवाखान्यातलं टिंचर. तळहातावर चार थेंब घेतले, चोळले, ओंजळ नाकाशी धरली. ओल उडाली तरी धूर बसलेलाच. लागलेली! पार बुडापर्यंत लागलेली!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? साता समुद्रापलीकडून आणलेली दारू, गुरूसमोर ठेवायला मागवलेली, आणि ती करपलेली असेल? आमच्या तांड्यात नायकाच्या लग्नाला चालत नाही ती साहेबाच्या गुरूला चालेल? नाही. साहेबाची चांगली दारू कुणीतरी प्यालं होतं. बाटलीत बाजारातली लागलेली दारू भरली होती, आणि विलायती वास यावा म्हणून वर टिंचर घातलं होतं. आणि किल्ली एकाच माणसाकडं होती.

नवरा दुपारी कोंबडी अन् अंडी घेऊन आला. मी दारातच उभी.

"साहेबाची दारू कशी लागली तोंडाले?"

"काय बोलून राह्यली तू?"

"बाटलीत काय भरलं ते मले कळत नाई असं वाटते काय तुमाले? मी कोनाची पोरगी हाय?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. आत गेला, बाटली हुंगली, परत आला. "मी साहेबाच्या दारूचा वास पयलांदा घेतला. कोनास ठावूक, तशीच असन थे."

"लागलेली ते लागलेली. साहेबाची असो का हमालाची!"

"देवीची आन. मी थेंब नाई घेतला."

"देवीले कायले मंधात आनता?"

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. आधी राग आला होता, मग तो राग निघून गेला आणि नुसताच चेहरा राहिला. "म्या देवीसमोर बोललेलं तुले खोटं वाटते?" त्यानं विचारलं. मी पिशवीतली अंडी काढायला लागले. तो म्हणाला, साहेब आले की मीच विचारतो. मी उसळले. विचारा, म्हटलं, विचारा अन् बसा रस्त्यावर पोरीले घेऊन! मग तो हळूच म्हणाला, "थ्या बाटलीले हात लावू नोको." आणि न जेवता विहिरीकडं निघून गेला. त्यानंतर तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. मला वाटायचं, पकडला गेला म्हणून गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी याडीला बरं नाही असं पोरीला सांगत, म्हणजे त्याला ऐकू जाईल असं सांगत, मी पोरीला कडेवर घेऊन तांड्याकडं निघाले. पदराखाली औषधाची लहान शिशी होती. त्या बाटलीतली दोन बोटं दारू मी त्यात घेतली होती. वाटेत पोलीस भेटला असता तर मेलेच होते. पोटातलं पोर, कडेवरचं पोर आणि पदराखाली दारू. वाटभर मी मान वर केली नाही.

याडी नाल्याकाठी होती. हंड्या फुटल्यापासून तिनं चूल पळसाच्या झाडोऱ्यात नेली होती. मी शिशी पुढं केली. तिनं तळहातावर चार थेंब घेतले, चोळले, ओंजळ नाकाशी धरली आणि डोळे मिटले. एरवी ती पटकन सांगायची. त्या दिवशी तिनं पुन्हा थेंब घेतले, पुन्हा चोळले.

"धूर हाय," ती म्हणाली.

"हाय ना! लागली ना!"

"थांब वो. धूर हाय, पन करपट नाई. बुडाचा धूर नाई हा. हा दान्यातूनच आला. कोनी मुद्दाम..."

मी पुढचं ऐकलंच नाही. धूर आहे म्हणाली ना, बस. मी रडायलाच लागले. जावयानं शपथ मोडली, नोकरी जाते, आम्ही रस्त्यावर येतो, सगळं ओकून टाकलं. याडी म्हणाली, घाई करू नको, जावयाला नीट विचार, आधी साहेबाला येऊ दे. मी म्हटलं, साहेब येईल तेव्हा वेळ गेलेली असेल. शेवटी ती उठली. पुरून ठेवलेलं एक मडकं उकरून तिनं मला पहिल्या धारेची दारू दिली. माझ्या आजोबांच्या पितराला ठेवलेली होती. निवळशंख, फुलाच्या वासाची. माझी शिशी तिनं ठेवून घेतली. "मले अजून पाह्याची हाय," म्हणाली.

शुक्रवारी नवरा विहिरीवर असताना मी कपाट उघडलं. साहेबाची दारू बंगल्यामागं सीताफळाच्या बुडाशी ओतली. बाटली तीनदा विसळली. याडीची दारू भरली. ती पाण्यासारखी, साहेबाची सोन्याच्या रंगाची होती, म्हणून कोऱ्या चहाचे थेंब घालत घालत रंग आणला. बूच लावलं, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला. सीताफळाखालून दोन दिवस धुराचा वास येत राहिला. मी त्यावर राख टाकली.

आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता. मला वाटत होतं, साहेबाचे गुरुजी घोट घेतील आणि म्हणतील, वा! नवरा वाचला, नोकरी वाचली, आणि त्याला कळणारही नाही की बायकोनं वाचवलं. मी त्याला सांगितलंच नाही. बोलणं होतं कुठं!

रविवारी ऊन कलताना जीप आली. गुरुजी म्हणजे उंच, वाकलेला, उन्हानं लाल झालेला म्हातारा, हातात काठी. ते अंघोळीला गेले. साहेब आनंदानं व्हरांड्यात येरझारा घालत होते, नवरा टेबल मांडत होता. मी स्वयंपाकघराच्या दारामागं कांद्याची भजी तळत होते. साहेबांना कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि समोर माझा नवराच होता.

"तुला माहीत आहे का, गुरुजींचं गाव बेटावर आहे," ते म्हणाले. "चारी बाजूंनी समुद्र, आणि वारा असा की तिथं झाडच टिकत नाही. जळण कुठून आणणार? मग लोक जमीन खणतात. हजारो वर्षं पाण्यात कुजलेलं गवत, काळं, लोण्यासारखं कापलं जातं. आपण गोवऱ्या वाळवतो तसं ते वाळवतात. भिजवून मोड आणलेलं जव त्याच्या धुरावर सुकवतात. दाण्यात धूर मुरतो. मग दारू काढायची, आणि लाकडी पिंपात भरून दहा-पंधरा वर्षं समुद्राच्या काठाला ठेवून द्यायची. पहिल्यांदा प्यालो तेव्हा मला वाटलं, दवाखाना जळतोय! पण गुरुजी म्हणाले, हा धूर आमच्या आजोबा-पणजोबांच्या चुलीचा आहे. तो वास गेला तर मग ती आमची दारू नाहीच."

माझ्या हातातला झारा कढईत पडला. हा दाण्यातूनच आला, याडी म्हणाली होती. कोणी मुद्दाम, म्हणाली होती. अवं माय, मी काय करून बसले!

मी दाराच्या फटीतून नवऱ्याला खुणा करायला लागले. हात हलवला. बांगड्या वाजवल्या. त्यानं पाहिलं. पाहिलं आणि मान फिरवली. तीन दिवस मी त्याच्याकडं अशीच मान फिरवत होते ना! मी भज्यांची ताटली घेऊन पुढं झाले, तेवढ्यात गुरुजी बाहेर आले. साहेबांच्या पाहुण्यासमोर मी कशी जाऊ? मी दारातच थिजले. किल्ली फिरल्याचा आवाज आला.

नवऱ्यानं बाटली आणली. तिच्यावरचं लेबल पाहून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. नवऱ्यानं दोन पेले भरले. त्याचा हात अगदी स्थिर होता, कारण त्याला काही माहीतच नव्हतं. म्हाताऱ्यानं पेला नाकाशी नेला आणि थांबला. पुन्हा नेला. घोट घेतला, साहेबांकडं पाहिलं, आणि काही न बोलता पेला खाली ठेवला. साहेबांनी आपला पेला उचलला. एक घोट, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं.

"ही बाटली कोणी उघडली?"

नवऱ्याला कळेना. तो साहेबांकडं, बाटलीकडं, आणि मग दाराकडं बघायला लागला. मी तिथं होते. माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं देव जाणे, पण त्यानं ते वाचलं.

"किल्ली तुझ्याकडं होती. मी विचारतोय, कोणी उघडली?"

"म्या उघडली साहेब," तो म्हणाला. "म्या पेलो. मंग भरून ठेवली."

चार वर्षं ज्यानं थेंब घेतला नव्हता, तो सगळ्यांसमोर म्हणत होता, मी प्यालो. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी खोल्या रिकाम्या कर." तो म्हणाला, "हाव साहेब."

मी गप्प बसू शकत होते. गप्प बसले असते तर निदान याडी वाचली असती. खरं सांगायचं म्हणजे तिचं नाव घेणं आलं, आणि नाव घेतलं की पोलीस तांड्यावर. इकडं नवरा, तिकडं आई, आणि दोन्हीकडं आग मीच लावलेली. ताटली हातात तशीच होती. ती घेऊन मी व्हरांड्यात आले.

"हे खोटं बोलून राह्यले साहेब. म्या ओतली तुमची दारू. मले वाटलं करपली हाय. म्हून माह्या आईच्या हातची मोहाची भरली."

नवरा ओरडला, "आत हो तू!" साहेब माझ्याकडं बघून थकल्यासारखं म्हणाले, "बाई, नवऱ्याला वाचवायला तू दारूबंदीचा गुन्हा अंगावर घेतेस. आईलाही त्यात ओढतेस. करपली वाटली म्हणून कोणी विलायती दारू ओततं का? मला हे खरं वाटत नाही."

देवीची आण, माझ्या तोंडातून निघालं. आणि ते निघताच मला नवऱ्याचा बुधवारचा चेहरा दिसला. खरं बोलत असताना समोरच्यानं खोटं म्हणणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. 

म्हाताऱ्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. साहेबांनी चिडूनच सांगितलं. म्हातारा ऐकत होता आणि माझ्याकडं बघत होता. मग त्यानं पेला उचलला, चार थेंब आपल्या तळहातावर घेतले, दुसऱ्या तळव्यानं चोळले आणि ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटले.

मी ताटली टाकली. भजी सगळी व्हरांडाभर. "अवं माय," मी ओरडले, "हे तं माह्या याडीवानीच करून राह्यले!"

 म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि सावकाश बोलत राहिला. साहेबांचा आवाज आता उतरला होता. "गुरुजींचे आजोबा त्यांच्या गावच्या भट्टीवर होते," ते म्हणाले. "ते म्हणतात, चोर बाटली पितो तेव्हा पाणी भरतो, फार तर चहा. अशी दारू चोर भरत नाही. हिचा जाळ मंद होता, आणि काढणारं माणूस चुलीपासून उठलेलं नाही. ही कोणीतरी पाहुण्यासाठी दिलेली आहे." मग त्यांनी मला विचारलं, आमची दारू तुला खरंच करपलेली वाटली? मी मान डोलावली. साहेबांनी म्हाताऱ्याला सांगितलं, आणि म्हातारा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. त्यांची बायको त्यांच्याच देशातली, पण दुसऱ्या टोकाची, तीही चाळीस वर्षं तेच म्हणत होती म्हणे.

साहेब हसले नाहीत. त्यांची बाटली गेली ती गेलीच. रात्री मी नवऱ्याला शिशीचं सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी तो स्वतःहून तांड्यावर गेला आणि शिशी घेऊन आला. याडीनं चोळून चोळून त्यातली निम्मी संपवली होती. उरलेली दोन चमचे साहेबांनी अन् गुरुजींनी चहाच्या कपात वाटून घेतली. पोलिसांना कोणी कळवलं नाही. साहेबांनी जाताना चिठ्ठी दिली, आणि उन्हाळ्यात माझा नवरा कायम झाला.

म्हणजे सगळं वाचलं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं, चिठ्ठी हातात आली त्या दिवशी. तो चुलीशी बसला होता. म्हणाला, "थ्या परक्या गोऱ्यानं तुह्यावर इसवास ठेवला, वळख ना पाळख. तू माह्यावर नाई ठेवला." एवढंच. 

त्या दिवसापासून त्यानं एक सुरू केलं. बाहेरून आला की चपला काढायच्या आधी माझ्यापुढं वाकायचा, तोंड उघडून श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "घे. पाहून घे." पहिलं वर्ष रागानं. मी वळून जायची, तो वाट अडवायचा. मग राग गेला आणि खोडी राहिली. लेकरं मोठी झाली, सुना आल्या. सुनांना वाटायचं म्हाताऱ्याची थट्टा आहे. मला दर वेळी टोचायचं. आणि खरं सांगते, दर वेळी माझं नाक आपोआप वास घ्यायचंच. मी कधी कबूल केलं नाही, पण त्याला ते दिसायचं.

शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात होता. खोलीत टिंचरचा वास भरलेला, अगदी त्या बाटलीतला. मी खाटेजवळ बसले तर ओठ हलले. मी वाकले. त्यानं कसाबसा श्वास सोडला.

"घे," म्हणाला.

मी पदर उचलला आणि नाक झाकून घेतलं. "नाई घेत," म्हटलं. "इसवास हाय मले तुमचा."

त्यानं माझ्या झाकलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"लय वर्सं लावली वो," म्हणाला, आणि माझा हात धरून पडून राहिला.